रान कुणाचे, सावज कुणाचे?

इ.स. १२१७ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडमध्ये राजाच्या नावाने एक सनद निघाली. राजा तिसरा हेन्री तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता आणि त्याची स्वतःची राजमुद्राही अद्याप तयार झालेली नव्हती. म्हणून सनदेवर दोघांच्या मोहरा उमटल्या. एक मोहर राज्याचा कारभार पाहणारे पेंब्रोकचे अर्ल विल्यम मार्शल यांची, तर दुसरी पोपमहोदयांचे इंग्लंडमधील प्रतिनिधी कार्डिनल ग्वाला बिकिएरी यांची. इतिहासात ही सनद 'वनसनद' म्हणून ओळखली जाते. तिच्या दोन वर्षे आधीच्या ज्या सनदेला आपण 'मॅग्ना कार्टा', म्हणजे 'मोठी सनद' म्हणतो, तिला 'मोठी' हे विशेषण चिकटले ते या धाकट्या बहिणीपासून तिला वेगळे ओळखता यावे म्हणूनच.

वनसनदेच्या अकराव्या कलमात एक गमतीची तरतूद आहे. राजाच्या रानातून एखादा आर्चबिशप, बिशप, अर्ल किंवा सरदार जात असेल, तर वनरक्षकाच्या देखत त्याने एखाद-दुसरे जनावर मारण्यास हरकत नाही. मात्र वनरक्षक जवळपास नसेल तर त्याने शिंग फुंकावे, म्हणजे तो चोरून शिकार करतो आहे असा कुणाचा समज होणार नाही! गंमत अशी की, त्याच्या दोनच वर्षे आधी, १२१५ साली, चौथ्या लॅटरन परिषदेने सर्व धर्मगुरूंना शिकारीची मनाई केली होती. राजाच्या कायद्याने बिशपांच्या हाती जे ठेवले, ते चर्चच्या नियमाने आधीच काढून घेतले होते.

हे शिंग बिशपाने फुंकावे, सरदाराने फुंकावे. पण त्याच रानाच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याने काय करावे? त्याच्या हाती शिंग द्यावयास सनद तयार नव्हती. शिकार कोठे करता येते आणि कोठे करता येत नाही, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याच्या पुस्तकातला रुक्ष प्रश्न वाटतो. परंतु त्याच्या पोटात दोन जुने प्रश्न दडलेले आहेत : ही जमीन कुणाची, आणि तिच्यावर चरणारे जनावर कुणाचे? या दोन प्रश्नांना जगात सर्वांत वेगळे उत्तर दिले ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी. त्या उत्तराचा इतिहास, आणि त्याची किंमत कुणी मोजली याचा इतिहास, या लेखात थोडक्यात पाहावयाचा आहे.

राजाचे रान

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि स्वतःबरोबर वनकायदा आणला. या कायद्यातील 'फॉरेस्ट' हा शब्द आपण समजतो तसा झाडीचा वाचक नव्हता. राजाने ज्या प्रदेशावर वनकायदा लागू केला तो सारा प्रदेश 'फॉरेस्ट'. मग त्यात गावे असोत, शेते असोत वा ओसाड माळ असो. १०७९ च्या सुमारास दक्षिण इंग्लंडात राजाने 'न्यू फॉरेस्ट' राखून ठेवले. तेथील शेतकऱ्याच्या पिकात हरणे शिरली तरी ती राजाची हरणे होती. त्यांना इजा करणे हा राजाविरुद्धचा गुन्हा होता. एवढेच नव्हे, तर रानाच्या हद्दीत राहणाऱ्यांच्या मोठ्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखे छाटून टाकीत, म्हणजे कुत्र्याला हरणाचा पाठलाग करता येऊ नये.

वनसनदेने यातील जाच पुष्कळ कमी केला. हरणाच्या मांसापायी यापुढे कुणाचा जीव वा अवयव जाणार नाही, अशी हमी तिने दिली. दंड भरावा, दंड भरण्याची ऐपत नसेल तर एक वर्ष आणि एक दिवस तुरुंगात काढावा, सुटकेच्या वेळी जामीन मिळाला नाही तर देश सोडावा. स्वतंत्र माणसाला राजाच्या रानात डुकरे चारण्याची मुभा मिळाली. स्वतःच्या झाडीतला मध आणि ससाण्यांची घरटी त्याची ठरली. 'स्वतंत्र माणूस' हे शब्द मात्र ध्यानात ठेवावयास हवेत, कारण त्या काळचे कितीतरी कष्टकरी जमीनदाराला बांधलेले कूळ होते. त्यांची गणना स्वतंत्र माणसांत होत नव्हती.

पुढे राजाची पकड सैल झाली, पण सैल झालेला दोर जमीनदारांनी हाती घेतला. १६७१ च्या शिकार कायद्याने ठरवले की, वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची जमीन मालकीची असेल त्यानेच ससा, तितर, फेझंट मारावे; दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने जमीन कसणाऱ्यास ही मर्यादा १५० पौंडांची होती. त्या काळी ही रक्कम सामान्य शेतकऱ्याच्या स्वप्नातही येण्यासारखी नव्हती. परिणामी लहान शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातील ससाही मारता येईना. १७२३ च्या 'ब्लॅक ॲक्ट'ने तर तोंडाला काळे फासून हरणे मारण्यास शिरणाऱ्याला फाशीची शिक्षा सांगितली. वनसनदेने हरणापायी जीव न घेण्याचे दिलेले वचन पाचशे वर्षांनी असे मोडले गेले. संपत्तीची अट गेली ती १८३१ साली. त्यानंतर परवाना घेऊन कुणालाही शिकार करता येऊ लागली, पण ती जमिनीच्या मालकाच्या संमतीने. इंग्लंडमध्ये जमीन ज्याची, शिकारही त्याचीच, हे सूत्र पक्के झाले.

कुंपण नसलेला मुलूख

अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत गेलेल्या वसाहतकऱ्यांच्या मनात या कायद्यांविषयीची चीड ताजी होती. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४१ मध्ये आणि नंतर १६४७ मध्ये दहा एकरांहून मोठी तळी मासेमारीस व पक्ष्यांच्या शिकारीस सर्व रहिवाशांना मोकळी केली. तळ्यापर्यंत जाण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीतून पायी जावे लागले तरी चालेल, फक्त पीक व गवत तुडवू नये, असेही सांगितले. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या राज्यघटनेने रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर, तसेच कुंपण न घातलेल्या इतर सर्व जमिनींवर, योग्य हंगामात शिकार करण्याची मोकळीक दिली. इंग्लंडमध्ये मालकी हा शिकारीचा आधार होता. येथे कुंपण ही तिची मर्यादा ठरली. कुंपण नाही तेथवर रान सर्वांचे.

स्वातंत्र्यानंतर या नव्या राष्ट्राच्या हाती अफाट जमीन आली. काही जुन्या राज्यांनी सोडलेली, काही १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेली, काही युद्धात मिळवलेली, आणि या सर्वांच्या तळाशी मूळ रहिवासी जमातींकडून तहाने, दबावाने वा बंदुकीच्या धाकाने काढून घेतलेली. १७८५ च्या कायद्यानुसार तिची एक मैल लांब व एक मैल रुंद अशा चौकोनांत मोजणी सुरू झाली. प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा. यातील पुष्कळ जमीन शेतकऱ्यांना, रेल्वे कंपन्यांना व राज्यांना वाटली गेली. वाटप करूनही जी उरली ती आजची सार्वजनिक जमीन. देशाच्या एकूण भूभागापैकी सुमारे २८ टक्के, म्हणजे ६४ कोटी एकरांच्या आसपास जमीन आजही संघराज्य सरकारच्या ताब्यात आहे, आणि तिचा मोठा भाग पश्चिमेकडे आहे. नेवाडा राज्यात तर दर पाच एकरांतील सुमारे चार एकर जमीन संघराज्याची आहे.

परंतु मोकळीक म्हणजे काय, हे लवकरच दिसून आले. रेल्वे आली, दूरवर मारा करणाऱ्या बंदुका आल्या आणि मांस, कातडी, पिसे यांचा बाजार उभा राहिला. कोट्यवधींच्या संख्येने चरणारे बायसन १८८० चे दशक संपता संपता हजाराच्या आसपास उरले. ज्या प्रवासी कबुतरांचे थवे आकाश झाकून टाकीत, त्यांपैकी शेवटचे कबूतर १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. राजाचे रान गरिबाला उपाशी ठेवीत होते. येथे कुणाचेच नसलेले रान जनावरांना गिळून टाकू लागले.

यलोस्टोनचा धडा

१८७२ साली यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. पण त्या कायद्यात जनावरांची नाहक व व्यापारासाठी कत्तल करू नये एवढेच म्हटले होते. पोटासाठी मारण्यास बंदी नव्हती. १८८३ मध्ये तीही बंदी आली आणि १८८६ पासून रखवालीला लष्कर आले, तरी कायद्यात शिक्षेची तरतूदच नव्हती. १८९४ च्या हिवाळ्यात एडगर हॉवेल नावाचा चोरटा शिकारी बर्फात बायसन मारताना सैनिकांच्या हाती रंगेहाथ सापडला. त्याला उद्यानाबाहेर घालवून देण्यापलीकडे अधिकाऱ्यांना काहीच करता येईना. ही बातमी वृत्तपत्रांतून देशभर पसरली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात काँग्रेसने उद्यानातील शिकारीला दंड व तुरुंगवास ठरवणारा कायदा केला. तोवर उशीर झाला होता. १९०२ मध्ये यलोस्टोनमध्ये जेमतेम दोन डझन रानटी बायसन उरले होते. आज तेथे हिंडणारे हजारो बायसन या थोड्यांचे आणि बाहेरून आणलेल्या काहींचे वंशज आहेत.

यानंतरचे कायदे भराभर आले. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकण्यास बंदी घातली. १९०३ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी, जे स्वतः नामांकित शिकारी होते, फ्लोरिडातील पेलिकन बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले. ते संघराज्याचे पहिले पक्षी-आश्रयस्थान. १९१६ मध्ये कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी स्थलांतरित पक्ष्यांविषयी तह झाला आणि दोन वर्षांनी त्याचा कायदा बनला.

एकाच वर्षाचे दोन निकाल

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. जमीन राष्ट्राची ठरली. पण जनावर कुणाचे?

१८९६ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'गीर विरुद्ध कनेक्टिकट' या खटल्यात याचे उत्तर दिले. रानातील जनावर कुणा एकाचे नाही. ते राज्यातील सर्व जनतेच्या सामाईक मालकीचे आहे आणि राज्य सरकार हे केवळ त्याचे विश्वस्त आहे, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एडवर्ड डग्लस व्हाइट हे कॅथलिक होते. पुढे ते सरन्यायाधीश झाले. जनावरांच्या 'मालकी'ची ही कल्पना १९७९ मध्ये न्यायालयाने मागे घेतली, तरी विश्वस्ताचे नाते टिकून राहिले. राजाच्या हरणापासून जनतेच्या हरणापर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे मन प्रसन्न होते.

परंतु त्याच वर्षीच्या मे महिन्यात, त्याच न्यायमूर्तींनी दुसरा एक निकाल लिहिला. १८६८ साली अमेरिकन सरकारने शोशोनी व बॅनॉक जमातींशी तह केला होता. त्यांनी आपला विस्तीर्ण मुलूख सोडून राखीव क्षेत्रात राहावे. मोबदल्यात, जोवर जनावरे आहेत आणि शांतता आहे तोवर संस्थानांच्या 'वस्ती नसलेल्या' जमिनीवर त्यांना शिकार करता येईल, असे वचन त्यात होते. रेस हॉर्स या बॅनॉक गृहस्थाने वायोमिंगमध्ये सात एल्क मारले. एल्क म्हणजे आपल्या सांबराहूनही मोठे असे हरीण. राज्याने त्याला पकडले. न्यायालयाने ठरवले की, १८९० मध्ये वायोमिंगला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हाच तहातील हा हक्क संपला. मार्चमध्ये जनावर सर्व जनतेचे ठरले आणि मेमध्ये त्या जनतेतून रेस हॉर्स वगळला गेला. सामाईक या शब्दात कोण बसतो आणि कोण बसत नाही, हे नेहमी आधी विचारावयास हवे.

दोन किल्ल्या

आज अमेरिकेत सार्वजनिक जमिनीवर शिकारीस निघणाऱ्याला जणू दोन कुलपे उघडावी लागतात. पहिले कुलूप जनावराचे. ती किल्ली राज्य सरकारकडे असते. कोणते जनावर, कोणत्या महिन्यात, किती, कोणत्या हत्याराने मारावे हे राज्य ठरवते व परवाना देते. जमीन संघराज्याची असली तरी हा परवाना लागतोच. म्हणून परराज्यातील माणूस राष्ट्रीय वनात मोकळेपणी हिंडू शकतो, पण तेथील एल्कसाठी त्याला कितीतरी पट अधिक शुल्क भरावे लागते. १९७६ मध्ये माँटानात रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळे, तर बाहेरच्याला त्यासाठी २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. याविरुद्धची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये फेटाळली. स्थलांतरित पक्ष्यांच्या बाबतीत मात्र आंतरराष्ट्रीय तह असल्याने संघराज्याचा शब्द अखेरचा असतो.

दुसरे कुलूप जमिनीचे, आणि येथे सर्व सार्वजनिक जमीन सारखी नाही. राष्ट्रीय वने सुमारे १९ कोटी एकर आहेत आणि भूमी व्यवस्थापन विभागाच्या ताब्यात सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. या दोन्ही ठिकाणी नियम असा की, बंद केल्याचे जाहीर झाले नसेल तर रान खुले. वहिवाटीतला हा नियम काँग्रेसने २०१९ मध्ये कायद्यातच लिहून टाकला. वन्यजीव आश्रयस्थानांचा नियम नेमका उलटा : खुले केल्याचे जाहीर झाले नसेल तर बंद. पेलिकन बेटापासून सुरू झालेली ही आश्रयस्थाने आता ५७० हून अधिक आहेत. १९९७ च्या कायद्याने तेथे शिकारीला मासेमारी, निरीक्षण, छायाचित्रण व शिक्षण यांच्या बरोबरीचे स्थान दिले. पण ते त्या त्या आश्रयस्थानाच्या मूळ हेतूशी जुळत असेल तरच. राष्ट्रीय उद्याने सामान्यतः पूर्ण बंद. काँग्रेसने खास कायदा करून परवानगी दिली असेल तेथेच अपवाद. वायोमिंगच्या ग्रँड टीटन उद्यानात एल्कची संख्या आवरण्यासाठी १९५० च्या कायद्याने असा अपवाद केला आहे.

याखेरीज राज्यांच्या मालकीची जमीन आहे, आणि तेथे नवखा माणूस हमखास फसतो. पश्चिमेकडील राज्ये स्थापन होताना दर मोजणी-विभागातील काही चौकोन शाळांच्या खर्चासाठी त्यांना तोडून दिले गेले. ही जमीन सरकारी दिसते, पण ती शाळांची ठेव आहे, सर्वांसाठी मोकळे रान नव्हे. कोलोराडोत अशी जमीन, वन्यजीव विभागाने भाडे भरून शिकारीसाठी खुली करून घेतली नसेल तर, लोकांना बंद असते. म्हणून नकाशावर 'सरकारी' असे लिहिलेले पाहून चालत नाही. कोणते सरकार आणि कोणत्या हेतूने, हे पाहावे लागते.

या साऱ्या व्यवस्थेचा खर्च कुणी करावयाचा? १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक खास तिकीट विकत घ्यावे लागते. त्या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेतल्या जातात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका व काडतुसे यांवरील कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे वळवला. अट एवढीच की, राज्याने शिकार परवान्यांचा पैसा अन्यत्र उधळू नये. मारणाऱ्याच्या खिशातून राखणदारीचा खर्च निघावा, ही कल्पना आपल्या मनाला विचित्र वाटते. पण हरणे, रानटी टर्की, बदके यांची संख्या त्या देशात पुन्हा वाढली, त्यात या पैशाचा वाटा मोठा आहे, हे नाकारता येत नाही.

कोपऱ्यावरची शिडी

तरीही जमीन सर्वांची असणे आणि सर्वांना तिच्यावर पाय ठेवता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८६२ नंतर रेल्वे कंपन्यांना मदत म्हणून लोहमार्गाच्या दोन्ही अंगांचे एकाआड एक चौकोन देण्यात आले. पट सोंगट्यांचा असावा तसा मुलूख झाला : एक घर खाजगी, एक घर सार्वजनिक. सार्वजनिक चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यांत टेकतात. मोठ्या मालकाने खाजगी चौकोन विकत घेतले की, मधली सार्वजनिक जमीनही त्याच्या खिशात गेल्यासारखीच होते, कारण तेथे पोहोचावयाचे कसे? १८८५ मध्येच काँग्रेसने सार्वजनिक जमीन अशी कोंडून ठेवण्यास बंदी करणारा कायदा केला होता; पण कोपऱ्यावरून पलीकडे जाणे कायदेशीर की घुसखोरी, हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ लोंबकळत राहिला.

२०२१ मध्ये मिसूरी राज्यातून वायोमिंगला आलेल्या चार शिकाऱ्यांनी एक शिडी बरोबर आणली. एका सार्वजनिक चौकोनाच्या कोपऱ्यावर ती उभी करून ते पलीकडच्या सार्वजनिक चौकोनात उतरले. खाजगी जमिनीला त्यांचा पाय लागला नाही. फक्त तिच्यावरील हवेतून त्यांचे खांदे गेले. जमीनमालकाने तेवढ्यासाठी त्यांना न्यायालयात खेचले आणि लक्षावधी डॉलरची भरपाई मागितली. फौजदारी खटल्यात ज्यूरीने २०२२ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. दिवाणी दाव्यात मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने १८८५ च्या त्या जुन्या कायद्याचा आधार घेऊन शिकाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. त्या अपील न्यायालयाच्या कक्षेतील सहा राज्यांना हा निर्णय लागू आहे. इतरत्र प्रश्न अजून उघडाच आहे.

वचनाची आठवण

रेस हॉर्सचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. १८६८ मध्येच क्रो जमातीशीही तसाच तह झाला होता. तिने सुमारे तीन कोटी एकर मुलूख सोडला आणि 'वस्ती नसलेल्या' जमिनीवरील शिकारीचे वचन घेतले. २०१४ च्या जानेवारीत त्या जमातीतील काही माणसे माँटानातील आपल्या राखीव क्षेत्रातून एल्कच्या मागावर निघाली आणि सीमा ओलांडून वायोमिंगमधील बिगहॉर्न राष्ट्रीय वनात शिरली. हंगाम नसताना व परवाना नसताना शिकार केल्याबद्दल त्यांच्यापैकी क्लेव्हिन हेरेरा यांच्यावर खटला झाला, शिक्षाही झाली. त्यांचे म्हणणे एकच होते : माझ्या पूर्वजांना वचन मिळाले आहे.

२० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. वायोमिंग राज्य झाले म्हणून तहातील हक्क संपला नाही, आणि राष्ट्रीय वन जाहीर झाले एवढ्यानेच ती जमीन 'वस्ती असलेली' ठरत नाही, असे न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी बहुमताच्या वतीने लिहिले. १८९६ च्या निकालाचा पायाच त्यांनी काढून घेतला. राज्याला वन्यजीवांच्या रक्षणासाठी या हक्कावर मर्यादा घालता येतील का, यांसारखे उरलेले प्रश्न खालच्या न्यायालयांकडे परत गेले. पण दिलेला शब्द १५० वर्षांनंतरही शब्दच असतो, एवढे त्या दिवशी मान्य झाले.

आपल्याकडील रेघ

आपल्या देशाने याच प्रश्नाला अगदी निराळे उत्तर दिले. ब्रिटिश अमदानीत १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वनकायद्याने राखीव वनातील शिकार नियमांनी बांधली. वनाचे विभाग पाडून परवानाधारक साहेबांना व त्यांच्या पाहुण्यांना ते हंगामापुरते दिले जात. संस्थानिकांची स्वतःची शिकारराने असत. कोल्हापूर संस्थानचे राधानगरीचे रान आणि जंजिऱ्याच्या नबाबाचे फणसाडचे रान ही त्यांतलीच. आज दोन्ही अभयारण्ये आहेत. जंगलात जन्मलेल्या आदिवासीची पारध मात्र त्याच काळात 'गुन्हा' ठरत गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दुर्मीळ प्राण्यांना पूर्ण संरक्षण दिले. इतरांच्या शिकारीचे परवाने तेव्हा राहिले होते, ते १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाले. आता हौसेची शिकार सार्वजनिक वा खाजगी, कोणत्याच जमिनीवर करता येत नाही. माणसाच्या जिवावर उठलेल्या वा पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत अधिकाऱ्याची लेखी परवानगी, एवढाच अपवाद. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना वनावरील कितीतरी पारंपरिक हक्क परत दिले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला.

आपली दाट वस्ती आणि विरळ झालेली जंगले पाहता ही बंदी योग्यच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तथापि रात्रभर जागून रानडुकरांपासून भुईमूग राखणाऱ्या शेतकऱ्याला, किंवा ज्याच्या आजोबांची पारध काल गुन्हा ठरली त्या आदिवासीला, ही रेघ कशी दिसत असेल याचा विचार रेघ ओढणाऱ्यांनी, आणि तिच्या सुरक्षित बाजूस राहणाऱ्या आपण सर्वांनीही, करावयास हवा.

आठशे वर्षांपूर्वीच्या त्या सनदेने बलवंतांना शिंग फुंकावयास सांगितले, कारण जे उघडपणे होते ते चोरी ठरत नाही. परंतु साऱ्या रानाला ऐकू जाईल असे शिंग फुंकूनही एखादी गोष्ट अन्यायाची असू शकते. रेस हॉर्सच्या खटल्यात तेच घडले. ज्याचा आवाज शिंगाइतका मोठा नाही, त्याला दिलेले वचन कायदा किती काळ स्मरणात ठेवतो, यावरूनच त्या कायद्याची खरी पारख होते.